वेबसाइट गूगलवर येत नाही? सर्च कन्सोल आणि बिंग वेबमास्टर टूल्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट करून देतो. हापूसच्या पेट्या विकणारे बागायतदार, कोकणातले होमस्टे, शिकवणीचे क्लासेस, एखादी पतसंस्था. साइट सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन ठरलेला: "अहो, गूगलवर आपलं काही येतच नाहीये." फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून हे पान.

साइट सुरू होऊन आठवडा झाला, तरी गूगलवर दिसत नाही. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. गूगलला आधी तुमच्या पानाचा पत्ता कळावा लागतो, मग गूगलबॉट येऊन पान वाचतो, त्याला क्रॉल म्हणतात, आणि मग ते साठ्यात ठेवायचं की नाही हे ठरतं. साठ्यात ठेवलं म्हणजे पान इंडेक्स झालं. या सगळ्याला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात, हे गूगलच सांगतं. नव्या डोमेनला, म्हणजे साइटच्या नव्या नावाला, बाहेरून एकही लिंक नसेल तर तुम्ही आहात हे कळायलाच वेळ जातो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर गूगलच्या चौकटीत इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि मधे जागा न सोडता तुमचा पत्ता टाका. काहीच आलं नाही तर बहुतेक इंडेक्स झालेलं नाही. मात्र तिथे जो निकालांचा आकडा दिसतो तो अंदाजे असतो, त्यावरून हिशोब मांडू नका.

आणि एक गल्लत टाळा. "हापूस आंबा ऑनलाइन" असं शोधून तुम्ही दिसत नाही, याचा अर्थ तुम्ही इंडेक्समध्ये नाही असा होत नाही. तुम्ही असाल, पण पार खाली असाल. तो वेगळा आजार, त्याचं औषधही वेगळं. या पानावर फक्त इंडेक्सचं बोलू.

सर्च कन्सोल आणि वेबमास्टर टूल्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

गूगलपुरतं बोलायचं तर एकच: तुमची साइट गूगलला कशी दिसते हे मालकाला दाखवणारी गूगलची सेवा. २००५ साली गूगल साइटमॅप्स या नावाने हे सुरू झालं, वर्षभरात त्याचं वेबमास्टर टूल्स झालं आणि मे २०१५ मध्ये सर्च कन्सोल. जुनी मंडळी अजून वेबमास्टरच म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनने, बिंगने, मात्र आपल्या अशाच सेवेचं बिंग वेबमास्टर टूल्स हेच नाव ठेवलंय. दोन्ही फुकट आहेत. सर्च कन्सोलचे "वार्षिक शुल्क" म्हणून कोणी बिल लावत असेल तर तो स्वतःच्या कामाचे पैसे मागतोय. तेही रास्त असू शकतं, पण बिलावर तसं लिहायला सांगा.

नोंदणी करताना "डोमेन" निवडू की "यूआरएल प्रीफिक्स"?

डोमेन तुमच्या मालकीचं असेल तर डोळे झाकून डोमेन. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला, नसलेला, एचटीटीपी, एचटीटीपीएस, सगळे पत्ते एकाच छत्राखाली येतात. प्रीफिक्समध्ये जो पत्ता लिहाल तेवढाच मोजला जातो. एका क्लासवाल्यांनी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून नोंद केली होती आणि साइट चालत होती त्याशिवाय. दोन महिने आलेख शून्यावर. ते गूगलला नावं ठेवत बसले होते.

डोमेनसाठी मालकी सिद्ध करायची ती डीएनएसमधून, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतून. गूगल एक लांबलचक ओळ देतं. ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिथे लॉगिन करायचं, डीएनएस सेटिंगमध्ये टीएक्सटी प्रकारची नवीन नोंद करायची, होस्टच्या रकान्यात ॲट चिन्ह आणि व्हॅल्यूमध्ये ती ओळ जशीच्या तशी. सेव्ह करून चहा घेऊन या. कधी पाच मिनिटांत होतं, कधी दुसरा दिवस उजाडतो. झाल्यावर ती नोंद "आता काय उपयोग" म्हणून काढू नका. गूगल ती अधूनमधून पुन्हा तपासतं, आणि नसली की तुमची मालकी जाते.

ब्लॉगस्पॉटसारख्या फुकट पत्त्यावर असाल तर डीएनएस तुमच्या हातात नसतं. तिथे प्रीफिक्सच घ्यावं लागतं.

आमची साइट ज्याने बनवली, त्याने त्याच्याच ईमेलवर सर्च कन्सोल काढलंय आणि आता तो फोन उचलत नाही.

हे इतकं नेहमीचं आहे की मला आता रागही येत नाही. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. तुमच्या नावावर असेल तर त्याच्या परवानगीची गरजच नाही. स्वतःच्या ईमेलने नव्याने डीएनएस नोंद करा, तुम्हीही मालक. मग सेटिंग्जमधल्या युजर्सच्या यादीत त्याचं नाव काढा आणि त्याने मालकी सिद्ध करायला ठेवलेली जुनी टीएक्सटी नोंद, एचटीएमएल फाइल किंवा मेटा टॅग जे काही असेल तेही काढा. नाहीतर तो परत आत येऊ शकतो.

डोमेनच त्याच्या नावावर असेल तर हा तांत्रिक प्रश्न राहिला नाही. बसून, गोडीगुलाबीने, लेखी घ्या.

साइटमॅप दिला, "सक्सेस" आलं, तरी पानं इंडेक्स का नाहीत?

कारण सक्सेसचा अर्थ "तुमची यादी वाचली" एवढाच. लग्नाची पत्रिका पोचली म्हणजे पाहुणे आले असं नाही.

साइटमॅप म्हणजे तुमच्या पानांच्या पत्त्यांची फाइल. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते आणि ५० एमबी ही मर्यादा, म्हणजे आपल्यासारख्यांना काळजी नाही. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे बऱ्याच साइट ज्यावर बनतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, साइटमॅप आपोआप तयार होतो. त्यासाठी वेगळं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतंच असं नाही. साइटमॅपमधल्या प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक्वेन्सी या दोन गोष्टींकडे गूगल ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे सगळ्या पानांना १.० प्रायॉरिटी देऊन काही साधत नाही. शेवटच्या बदलाची तारीख मात्र बघतं, पण ती खरी असेल तरच. रोज सगळ्या पानांची तारीख आजची करणारे लोक आहेत. गूगल थोड्याच दिवसांत त्यांच्या तारखांवर विश्वास ठेवणं सोडतं.

साइटमॅप बदलला की गूगलला पिंग, म्हणजे आपोआप निरोप, पाठवायची जुनी युक्ती २०२३ मध्ये बंद झाली. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून शिकवतात.

"रिक्वेस्ट इंडेक्सिंग" रोज दाबलं तर लवकर होईल का?

नाही. सर्च कन्सोलच्या वरच्या चौकटीत पानाचा पत्ता टाकला की त्या पानाची कुंडली येते, तिथे हे बटण असतं. एकदा दाबलं की पान रांगेत लागतं. दहादा दाबून रांग पुढे सरकत नाही, उलट दिवसाला मोजक्याच विनंत्या चालतात, त्या वाया जातात. मुख्य पान आणि दोन-तीन महत्त्वाची पानं यांच्यासाठी वापरा, बाकीची पानं गूगल मुख्य पानावरच्या लिंकांवरून शोधेल.

बटणापेक्षा त्या कुंडलीतच खरा माल आहे. गूगल शेवटचं कधी आलं, मोबाइलवालं पान बघितलं का, काही अडवणूक झाली का, सगळं तिथे लिहिलेलं असतं. एक लक्षात ठेवा, पहिल्यांदा दिसतं ते गूगलच्या साठ्यातलं जुनं चित्र. आता, या क्षणी काय आहे ते बघायला "टेस्ट लाइव्ह यूआरएल" दाबावं लागतं. दुरुस्ती केल्यावर जुन्याच चित्राकडे बघून घाबरलेले लोक मी बरेच पाहिलेत.

"एक्सक्लूडेड बाय नोइंडेक्स टॅग" असं येतंय. हा टॅग आम्ही लावलेलाच नाही!

लावलाय. तुम्ही नाही तर तुमच्या साइटवाल्याने. नोइंडेक्स म्हणजे "हे पान साठ्यात ठेवू नका" अशी गूगलला दिलेली सूचना. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

देवगडच्या एका बागायतदारांची साइट जानेवारीत बनवत होतो. अर्धवट साइट लोकांना दिसू नये म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंगखाली, "डिस्करेज सर्च इंजिन्स" अशी जी चौकट आहे तिच्यावर टिक केली. हे बरोबरच होतं. फेब्रुवारीत साइट सुरू केली, फोटो झकास, पेटीचे दर लावले, पैसे भरायची सोय झाली. ती टिक काढायची राहिली. मार्च गेला. ते काका दर आठवड्याला विचारायचे, आणि मी दर आठवड्याला "नवीन डोमेन आहे, वेळ लागतो" हे वरचं उत्तर द्यायचो. सर्च कन्सोल उघडून बघायला मला एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला. टिक काढली, विनंती टाकली, पान इंडेक्स झालं तोवर मे निम्मा सरला होता. हापूसचा मोसम किती असतो हे मी सांगायला नको. काका एवढंच म्हणाले, "आंबा थांबत नाही हो." त्या वर्षीचे पैसे मी घेतले नाहीत.

त्या टिकने सगळ्या पानांच्या डोक्यात नोइंडेक्स बसतो. शिवाय वर्डप्रेसचा आपोआप होणारा साइटमॅपही बंद पडतो. म्हणून साइटमॅपचा पत्ता उघडल्यावर "सापडत नाही" आलं तर आधी ही चौकट बघा. एसइओच्या, म्हणजे सर्चमध्ये साइट वर आणण्याच्या, प्लगइनमध्येही एकेका पानाला किंवा लेखांच्या अख्ख्या प्रकाराला नोइंडेक्स लावायची सोय असते, तीही तपासा.

मग रोबोट्स डॉट टीएक्सटी आणि नोइंडेक्स यात फरक काय?

रोबोट्सची फाइल म्हणजे फाटकावरची पाटी: आत येऊ नका. नोइंडेक्स म्हणजे आत, पानावर चिकटवलेली चिठ्ठी: हे बाहेर कोणाला दाखवू नका. आता गंमत बघा. फाटकावरच अडवलंत तर चिठ्ठी वाचणार कोण? म्हणून एखादं पान गूगलमधून काढायचंय म्हणून लोक दोन्ही लावतात आणि पान जातच नाही. दुसरीकडून लिंक असेल तर गूगल पान न वाचताच नुसता पत्ता दाखवतं. सर्च कन्सोलमध्ये त्याला "इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स" म्हणतात. पान काढायचं असेल तर फाटक उघडा आणि चिठ्ठी राहू द्या.

रोबोट्सची पद्धत १९९४ पासूनची आहे आणि ती सज्जनांसाठीच आहे. गुपित कागद तिच्या भरवशावर ठेवू नका, त्याला पासवर्ड लावा.

"डिस्कव्हर्ड" आणि "क्रॉल्ड", दोन्हीपुढे "करंटली नॉट इंडेक्स्ड". काय करायचं?

डिस्कव्हर्ड म्हणजे पत्ता कळलाय, अजून आलो नाही. बऱ्याचदा सर्व्हर मंद असतो, किंवा साइट नवी असते आणि गूगलला घाई नसते. मुख्य पानावरून त्या पानाला लिंक द्या आणि होस्टिंग अगदीच रडकं असेल तर बदला.

क्रॉल्ड म्हणजे आलो, वाचलं, ठेवलं नाही. हे जास्त झोंबतं. इथे पुन्हा विनंती टाकून उपयोग नाही, पानच बघायला लागतं. एका होमस्टेच्या साइटवर आसपासच्या चाळीस गावांसाठी चाळीस पानं होती, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. तीन पानं इंडेक्स झाली, सदतीस नाही. मालकांना वाटलं गूगलची चूक. मी म्हटलं, तुम्ही गूगल असता तर काय केलं असतं? शेवटी सहा पानं ठेवली. प्रत्येकात खरंच वेगळं लिहिलं: समुद्रापर्यंत चालत किती मिनिटं, भरतीच्या वेळी कुठली वाट बंद होते, मासे कुठे मिळतात. त्यातली पाच आली.

इंडेक्स करणं गूगलवर बंधनकारक नाही. तुम्ही सगळे नियम पाळले तरीही.

"डुप्लिकेट", "अल्टरनेट पेज", "पेज विथ रीडायरेक्ट" अशी मोठी यादी लाल-करडी दिसतेय.

यातलं बरंचसं सोडून द्या. एकाच पानाचे चार पत्ते असतील तर गूगल एक निवडतं आणि बाकीचे बाजूला ठेवतं, ते योग्यच आहे. तुम्हाला हवं असलेलं पान त्या यादीत अडकलं असेल तरच लक्ष घाला.

आमचा मजकूर मराठी आहे. त्याने काही अडतं का?

युनिकोड असेल तर नाही. पण आपल्याकडे अजून असंख्य संस्थांचा मजकूर शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो. पडद्यावर झकास मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला. गूगल मुखवटा बघत नाही, पोट बघतं. एका पतसंस्थेचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल पीडीएफमध्ये साइटवर होते, इंडेक्सही झालेले होते, आणि संस्थेच्या नावाने शोधलं तर एकही येत नव्हता.

तपासणी सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, व्हॉट्सॲपमध्ये स्वतःला पाठवा. मराठी आलं तर ठीक, भलतंच काही आलं तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासायचे, तिथे हमखास घोळ होतो. आणि दरपत्रक, प्रवेशाची माहिती वगैरे इमेज बनवून टाकू नका. पानावर टाइप करा.

भाषा कोणती हे गूगल पानावरच्या मजकुरावरून ओळखतं. मेन्यू इंग्रजीत, बटणं इंग्रजीत आणि मधे दोन ओळी मराठी, असं पान मराठी धरलं जाईलच असं नाही.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा का?

चालतो, इंडेक्सही होतो. अडचण वेगळी आहे. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटी-हलन्त सुद्धा, टक्क्याच्या चिन्हांसह ९ अक्षरांचं होतं. "महाराष्ट्र" या शब्दात अशी १० चिन्हं आहेत, म्हणजे नुसत्या त्या एका शब्दाची ९० अक्षरं. आणि वर्डप्रेस पत्त्याचा तो भाग २०० अक्षरांवर कापतं. थोडक्यात, बावीसेक चिन्हांनंतर तुमचं मराठी शीर्षक मधेच तुटतं. "गणपतीपुळ्याजवळ राहण्याची सोय" हा पत्ता सोयीपर्यंत पोचतच नाही.

मी इंग्रजी लिपीत दोन-तीन शब्दांचा पत्ता ठेवतो. तुमचे आधीचे मराठी पत्ते असतील तर मात्र ते उगाच बदलू नका. बदलायचेच असतील तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावा.

लाइव्ह टेस्टमध्ये सर्व्हर एरर येते, आमच्याकडे तर साइट छान उघडते.

तुमच्याकडे म्हणजे भारतातून. गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो. सुरक्षेच्या नावाखाली होस्टिंगवाला कधी कधी भारताबाहेरची सगळी रहदारी बंद करतो, आणि त्यात गूगलबॉटही बाहेर राहतो. फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या पहारेकऱ्यात, खऱ्या गूगलबॉटला वाट द्यायला सांगा. नुसतं नाव बघून नको, नाव कोणीही लावतं. गूगल आपल्या बॉटच्या आयपींची यादी जाहीर करतं, ती वापरा.

मोबाइलवर साइट उघडतच नसेल तर तोही प्रश्नच. जुलै २०२४ पासून गूगल जवळजवळ सगळ्या साइट मोबाइलच्याच डोळ्यांनी बघतं.

बिंगवर वेळ घालवावा का?

दहा मिनिटं, हो. सर्च कन्सोलवर नोंद असेल तर बिंग ती तिथून थेट आयात करून घेतं, पुन्हा मालकी सिद्ध करायला नको. बिंगच्या निकालांवर याहू आणि डकडकगो बऱ्याच अंशी चालतात, त्यामुळे एका दगडात तीन. शिवाय इंडेक्सनाऊ ही सोय आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि यांडेक्स या रशियन सर्च इंजिनने आणलेली. पान बदललं की तुमची साइटच त्यांना कळवते. वर्डप्रेससाठी प्लगइन आहे, एकदा लावलं की विसरून जा. गूगलने मात्र इंडेक्सनाऊ स्वीकारलेलं नाही.

"२४ तासांत गूगलवर इंडेक्स, हमी" असं सांगणाऱ्याला पैसे देऊ का?

नको. यातले बरेच जण गूगलचं इंडेक्सिंग एपीआय, म्हणजे पानांचे पत्ते गूगलला थेट कळवायची सोय, वापरतात. ते फक्त नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे. आंब्याची पेटी दोन्हींत बसत नाही.

गूगलमध्ये आमच्या साइटच्या नावाखाली जपानी मजकूर येतोय!

साइट हॅक झाली आहे. कोणीतरी आत शिरून हजारो बनावट पानं तयार केली आहेत. अनेकदा ती तुम्हाला दिसत नाहीत, फक्त गूगलला दिसतात. सर्च कन्सोलमध्ये सिक्युरिटी इश्यूज बघा, आणि त्याच वेळी युजर्सची यादी बघा, कारण हे लोक स्वतःलाही मालक म्हणून नोंदवून घेतात. अनोळखी नाव दिसलं तर त्याची पडताळणीची फाइल शोधून काढा, मग नाव काढा. साइट साफ करा, सगळे पासवर्ड बदला, वर्डप्रेस आणि प्लगइन अद्ययावत करा. सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्समधून पत्ते निकालांतून लपवता येतात, पण तो पडदा साधारण सहा महिन्यांचाच. पानं खरोखर हटवली नसतील तर परत येतात.

सर्च कन्सोल किती वेळा उघडायचं?

रोज नको. पानांच्या अहवालातले आकडे तसेही काही दिवस मागे असतात आणि रोज बघून फक्त रक्तदाब वाढतो. ईमेल सूचना चालू ठेवा, महिन्यातून एकदा पानांचा अहवाल चाळा. साइटमध्ये मोठा बदल केला, थीम बदलली किंवा होस्टिंग हलवलं, की त्याच दिवशी मुख्य पानाची लाइव्ह टेस्ट करा. देवगडच्या काकांच्या साइटची मी आता दर वर्षी १ फेब्रुवारीला करतो.